कॅम्पातला घोडा

॥ श्री ॥

मॉरिसव्हिल,
२१ एप्रिल २०२५

चि. हिमानी हिला आजीचे आशीर्वाद, आणि वेळेवर जेवण्याची ताकीद. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोन कानाला लावला की माझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि मी हॅलो म्हणेपर्यंत तू बाय म्हणतेस. तुझ्या बापाने फोनात मराठी टाइप करायला शिकवलं होतं. पण मी एक अक्षर दाबलं की तो फोन स्वतःच्या मनाचे तीन शब्द पुढे करतो. मला माझ्या मनाचं लिहायचंय. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढ्यात पत्र बसतं. तुलाही अक्षरं मीच गिरवायला लावली होती, तेव्हा उत्तर मराठीत हवं. चुका मी काढणार नाही, मला तरी कुठे कळतात.

परवा आपल्याकडे मंडळातलं एक जोडपं जेवायला होतं. तुझा बाप राजीव म्हणाला, मुलगी पीएच.डी. करते. कशात, असं विचारलं तर त्याला ठसका लागला. मग तुझ्या आईने, मंजुषाने, सांगितलं, रशियन लिटरेचर. त्यावर ती बाई इतक्या हळू आवाजात छान हो म्हणाली की मला वाटलं आपल्याकडे कोणी गेलंय.

तेव्हा मला एकदा नीट सांग, सहा वर्षं तू ज्याच्या मागे लागलीयेस तो कझाक आहे तरी कोण? तुझा बाप म्हणतो घोड्यावरचा डाकू. तुझी आई म्हणते सैनिक. माझी शंका साधी आहे. हा माणूस बाराही महिने घोड्यावर, तर त्याची शेती कोण करतं आणि घोड्याची लीद कोण काढतं?

विचारायला कारण घडलं. टाऊनच्या बागेत मला भाजीला एक वाफा मिळालाय ना, त्याच्या शेजारचा वाफा एका म्हाताऱ्याचा आहे. टिमोफे नाव, सगळे टिम म्हणतात. मी मेथी पेरत होते, तो कलिंगडाच्या बिया टोचत होता. मी देशाची चौकशी केली तर छाती काढून म्हणाला, माझे वडील कझाक होते. मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, माझी नात कझाक करते. त्याने बिया खिशात घातल्या आणि मला ते परत म्हणायला लावलं.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा टिकव.

तुझी,
आजी

---

मॅडिसन,
२ मे २०२५

ती. आजीस, साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, तेव्हा सध्या सहाच अंगांचा). वि. वि.

आजी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि रूममेटला दाखवलं. तिला वाटलं ते कुठल्यातरी आर्काइव्हमधलं आहे.

आता तुझा प्रश्न. सरदारांच्या जमिनीला बांधलेली कुळं पूर्वी पळून दक्षिणेच्या गवताळ मैदानात गेली. तिथे त्यांनी घोडे पाळले, नदीत मासे मारले, कुणाचा हुकूम मानला नाही. ते कझाक, इंग्रजीत कॉसॅक; कझाकस्तानचे ते वेगळे. पण त्यांना हिरो केलं शहरातल्या लेखकांनी. ऑफिसं, ताठ कॉलर, साहेबाची भीती, असं ज्यांचं आयुष्य होतं त्यांना वाटायचं की आपण नकली रशियन, अस्सल रशियन तिकडे वाऱ्यावर उधळतोय. म्हणून पुस्तकातला कझाक दमत नाही, भरपूर पितो, आईला एक पान रडवतो आणि निघून जातो, दोस्तासाठी हसत मरतो. गंमत म्हणजे ही पुस्तकं आली तोवर खरे कझाक झारच्याच नोकरीत होते. स्वतःचा घोडा, स्वतःची तलवार घेऊन नोकरीला जायचं. पुढे तर ते स्वतःच पुस्तकं वाचून पुस्तकातल्यासारखे मिशा पिळायला लागले, असं माझं म्हणणं आहे.

शेती बायका करायच्या. लीदपण.

घोडं पेंड खातंय ते चौथ्या चॅप्टरपाशी. गाईडबाई म्हणतात, तुझा हिरो पुस्तकातून पुस्तकात फिरतोय. आजच्या एखाद्या वंशजाच्या घरात तो कसा राहतो ते दाखव, नाहीतर हे चॅप्टर मेलेलं आहे. २९ ऑगस्टपर्यंत ते पास झालं नाही तर माझं फंडिंग बंद. मग अल्फारेटाला बाबांच्या मित्राची कंपनी आहेच. तिथली डेटा तपासायची खुर्ची बाबांनी माझ्यासाठी धरून ठेवलीय, एसटीत रुमाल टाकतात तशी.

म्हणून आजी, प्लीज, तुझ्या टिमसाहेबांना बोलतं कर. बाकी रोज सकाळी तू बागेत जातेस आणि येताना गुणगुणतेस असं आई म्हणते. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांना काय सांगू तेवढं कळव.

माझ्यावरचा राग फार साठवू नये, ही विनंती.

तुझी,
हिमानी

---

॥ श्री ॥

मॉरिसव्हिल,
१९ मे २०२५

चि. हिमानीस आशीर्वाद, आणि गुडघ्याला एरंडेल. वि. वि.

चॅप्टरला मराठीत प्रकरण म्हणतात. शेजारच्या म्हाताऱ्यावरून तुला जे सुचतंय त्यालाही प्रकरणच म्हणतात. तू पहिल्यावर लक्ष दे. आणि मी गुणगुणत नाही, चढावर मला धाप लागते.

स्वतःचा घोडा घेऊन चाकरी करणारा म्हणजे आपला शिलेदार. माझ्या माहेरी फलटणकडे जाशील तर प्रत्येक घर शिलेदाराचं. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर एकाही घरात सापडणार नाही. मग त्या एवढ्या सरकारी घोड्यांवर बसत कोण होतं ते देव जाणे. हेच मी कौतुकाने शेजारच्या बंगाली सुनेला सांगायला गेले. ती म्हणाली, तिच्याकडे आमच्याच घोडेस्वारांचं नाव काढून पोरांना झोपवतात. मी चहा संपवून घरी आले.

टिमला बोलतं करायला फार कष्ट पडत नाहीत, गप्प करायला पडतात. त्याला बायको नाही, चार वर्षांपूर्वी वारली. उंच आहे, पाठ ताठ आहे, कुदळ मात्र धरता येत नाही. वाफ्यात कलिंगडं आणि सूर्यफुलं, भाजी एक नाही. त्याची मुख्य गोष्ट अशी. पोराला पहिला दात आला की कझाक बाप त्याला खोगीर घातलेल्या घोड्यावर बसवतो आणि कमरेला तलवार लावतो. पोराने आयाळ धरली तर ते लढाईतून जिवंत परतणार. रडलं तर नाही. आपल्याकडे उष्टावणाला पोरापुढे लेखणी, माती, सोनं मांडतात तसंच, फक्त यांच्याकडे ताटात एकच पदार्थ.

तर टिमला दात आला तेव्हा बापाने त्याला आपल्या काळ्या घोड्यावर बसवलं आणि याने दोन्ही मुठींनी आयाळ धरली. सोडेचना. शेवटी बापाने आयाळीचे केस कापून पोराला उतरवलं. हे सांगताना त्याने माझ्या भेंडीच्या रोपाची शेंडी धरली. रोप गेलं. गोष्ट उत्तम सांगतो, मात्र रोज सांगतो, आणि घोडा रोज एक इंच वाढतो.

तुझ्या आजोबांना सांग की भेंडी परत लावलीय.

ओढ असू द्यावी, ओढाताण नको.

तुझी,
आजी

---

मॅडिसन,
३० मे २०२५

ती. आजीस, कृ. सा. न. वि. वि.

आजी, यू आर अ जीनियस. एरंडेलाने गुडघा बरा आहे आणि तुझ्या पत्राने चॅप्टर. म्हणजे प्रकरण.

काळा घोडा, कापलेली आयाळ, हे सगळं पुस्तकांतून आलंय. टिमसाहेबांच्या गोष्टीत पुस्तकातला हिरो जसाच्या तसा उतरलाय, हेच मला हवं होतं. गाईडबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, चांगलं आहे, पण अजून शोभेचं वाटतंय. म्हणून पुढचे प्रश्न विचारून ठेव: घोड्याचं नाव काय? खोगीर कसलं? तलवार कुणाची? कुठलं गाव? त्यांचा जन्म कधीचा?

एक सांगून ठेवते. हे लोक रशिया सोडून आले ते साध्या कारणाने नाही. दुसऱ्या महायुद्धात कझाकांतले बरेच जण जर्मनांच्या बाजूने गेले. आधीही ज्यू वस्त्यांवर ते तुटून पडायचे, त्या लोकांच्या गोष्टींत कझाक राक्षसच आहे. तुझ्या बंगाली शेजारणीचं मी थीसिसमध्ये टाकणार आहे, हरकत नाही ना? युद्ध संपलं तेव्हा यांची बायकापोरं ऑस्ट्रियातल्या कॅम्पांत अडकली आणि तिथून काही अमेरिकेत पोचली. म्हणून जपून विचार. किंवा नकोच, तू आणि जपून!

पुढचं पत्र लौकर यावं, लोभ मी इकडून पुरवते.

तुझी,
हिमानी

---

॥ श्री ॥

मॉरिसव्हिल,
८ जुलै २०२५

चि. हिमानीस आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. भोपळ्याला किडे झाले होते, आणि तुझ्या बापाला मंडळाच्या निवडणुकीचं अध्यक्षपद. दोन्हींवर औषध फवारलं.

तू पाच प्रश्न पाठवलेस. शिकलेली आहेस, पण विचारायचा प्रश्न राहिला. तो मी विचारला.

परवा टिम कलिंगडं खारवत होता. ही लहान लहान कलिंगडं अख्खी बादलीत घालायची, मिठाचं पाणी, शेपू, लसूण, वर दगड. त्याची आई असंच करायची म्हणे. मीठ तो डोळे मिटून टाकत होता, तेव्हा मी बाजूला सारून स्वतः पाणी केलं. असं कोणाच्या तरी हातातलं काम आपण घेतलं की तो माणूस खरं बोलायला लागतो. मी विचारलं, जन्म कधीचा? एप्रिलमध्ये ऐंशी झाली. कुठला? ऑस्ट्रियातला, कॅम्पातला. मग म्हटलं, बाबा रे, ज्या कॅम्पात माणसांना भाकरी मोजून मिळत होती तिथे काळा घोडा चारा काय खात होता?

त्याने बादलीवरचा दगड उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाला, घोडा नव्हता. शेळी होती.

त्याच्या आईची शेळी, झोर्का नावाची, पांढरी, एक शिंग मोडकं. खोगिराच्या जागी उशी. तलवार नव्हती म्हणून कमरेला पळी बांधली. आयाळ कुठली, पोराने कान धरला. शेळी ओरडली, पोर ओरडलं नाही. पोराला कोणी धरलं होतं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एका दिवसाला एक खरं पुरे.

मी इतकी हसले की यंत्र कानातून पडलं. तोही हसला, पण अर्धाच. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं म्हणे. कुणाला सांगू नका म्हणाला. मी मान डोलावली. आता तू काही कुणी नव्हेस, घरची आहेस, म्हणून तुला सांगितलं. तेवढी काळ्या घोड्याच्या मागे लागू नकोस.

माया कोरडीच बरी, टिकते. ती असावी.

तुझी,
आजी

---

मॅडिसन,
१४ जुलै २०२५

ती. आजीस, नाचत नाचत नमस्कार. वि. वि.

आजी, झोर्का हिट आहे!

तुझं पत्र आलं आणि मी तीन दिवसांत बावीस पानं लिहिली. शेळी, उशी, पळी, धरलेला कान. त्यापुढे काळा घोडा कसा उभा राहिला, घरात घोडा नसताना पुस्तकातला घोडा कसा आत आला, सगळं आपोआप जुळलं. गाईडबाईंनी काल स्वतः फोन केला. सहा वर्षांत पहिल्यांदा! म्हणाल्या, आता हे जिवंत आहे, हे मी पास करते. डिपार्टमेंट त्यातला भाग वेबसाइटवर टाकणार आहे, आणि ऑक्टोबरमध्ये मी तो कॉन्फरन्सला वाचणार. टिमसाहेबांचं नाव नाही दिलं हं, फक्त मिस्टर टी., नॉर्थ कॅरोलायना, कलिंगडं खारवणारे.

बाबांना सांग, अल्फारेटाच्या खुर्चीवरचा रुमाल उचला.

तुझं तोंड गोड करायला इथून चीज पाठवतेय. शिळं वाटलं तरी टाकू नकोस, ते तसंच असतं.

कृपा आहेच, ती अशीच बागेतून येत राहो.

तुझी,
हिमानी

---

॥ श्री ॥

मॉरिसव्हिल,
१८ जुलै २०२५

हिमानी,

आशीर्वाद राखून ठेवले आहेत. मंजुषाला पोस्टात पाठवून हे पत्र जलद टाकतेय, यावरून काय ते समज.

मी तुला सांगितलं होतं, वेबसाइटला नव्हे. नॉर्थ कॅरोलायनात कलिंगडं खारवणारे टी साहेब किती असतील ते मोजून कळव. माझ्या माहितीत एक आहे, आणि त्याची बादली मीच भरलीय.

तुला हे ठाऊक नाही, कारण मी लिहिलं नव्हतं. टिमच्या पणतूला दात आलाय. ९ ऑगस्टला त्याला घोड्यावर बसवणार आहेत. न्यू जर्सीहून त्यांची सगळी जुनी मंडळी येणार, त्याच कॅम्पांतून आलेली. गोष्ट सांगायचा मान टिमचा. त्याची नात दिवसभर कॉम्प्युटरवर असते. आजोबांच्या नावाने काय काय आलंय ते शोधून भिंतीवर लावणारी मुलगी आहे ती. तिने तुझी शेळी शोधली की चाळीस माणसांसमोर म्हातारा उघडा पडणार.

चूक माझी आहे, ती मी तुझ्या गळ्यात बांधत नाही. आमच्यात घरात सांगितलेलं बाहेर सांगितलं असं धरत नाहीत. पण तुझं घर आता छापखान्याला लागून आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ते काढून टाक.

चीज पोचलं. वासावरून पत्ता न वाचता तुझं आहे हे कळलं.

आजी

---

मॅडिसन,
२१ जुलै २०२५

ती. आजीस नमस्कार. वि. वि.

पत्र काल मिळालं. मी वेबसाइटवाल्यांना लगेच थांबवलं, ते अजून चढलेलं नव्हतं. तेवढं तरी निश्चिंत राहा.

पण थीसिसमधून काढायचं म्हणतेस, ते मला इतकं सोपं नाही गं. प्रकरण पास झालंय ते शेळीवर, घोड्यावर नाही. ती काढली की परत मेलेली बावीस पानं. आणि मी कुठेही टिमसाहेब खोटं बोलतात असं लिहिलेलं नाही. उलट मला ते त्या पुस्तकांतल्या सगळ्या हिरोंपेक्षा आवडले.

रात्रभर मी तुझ्यावर चिडून होते. मग लक्षात आलं की कुणाचीही मुलाखत वापरायची तर युनिव्हर्सिटीचा परवानगीचा फॉर्म असतो, त्या माणसाची सही लागते. मी दरवर्षी ज्युनिअर्सना तो भरायला शिकवते. या वेळी मला आठवलाच नाही. माझ्या डोक्यात ती मुलाखत नव्हतीच, आजीने सांगितलेली गोष्ट होती. म्हणजे तू केलंस तेच मी केलं, फक्त जास्त शिकून.

तू त्यांना सांग. ते म्हणतील तसं करीन. त्यांनी हो म्हणावं म्हणून मी इथे देव पाण्यात घालून बसलेय, हेही खरं.

राखून ठेवलेल्या आशीर्वादांची वाट बघणारी,
हिमानी

---

॥ श्री ॥

मॉरिसव्हिल,
३१ जुलै २०२५

चि. हिमानीस मागचे आणि आत्ताचे आशीर्वाद. वि. वि.

२४ तारखेला सकाळी टिमला सांगितलं. आडवळणाने सांगायला माझं इंग्रजी पुरत नाही, ते एक बरं आहे. तुमची शेळी मी नातीला सांगितली, तिने कागदावर लिहिली, चूक माझी. एवढंच. त्याने हातातली नळी खाली ठेवली, पाणी बंद केलं आणि गाडीत बसून गेला. टोपी तिथेच राहिली.

सहा दिवस आला नाही. मी त्याच्या वेलांना पाणी घातलं. प्रायश्चित्त वगैरे नाही, कलिंगडांनी काय केलंय? सूर्यफुलं खारींनी खाल्ली, त्याला माझा इलाज नव्हता. तुझा बाप म्हणाला, आई, तू त्या माणसाला मेसेज टाक. मी म्हटलं, एकदा लिहून झालं तेवढं पुरे.

आज आला. टोपी घेतली, झटकली, घातली. मग माझ्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला आणि जे सांगितलं ते तुझ्या कागदासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. शेळीचं त्याला काही नाही. पण शेळी कळली की लोक साल मोजणार. साल मोजलं की कळणार, त्याला दात आला तेव्हा बाप तिथे नव्हताच. त्याआधीच्या उन्हाळ्यात इंग्रजांनी कझाकांना गाड्यांत घालून रशियाच्या ताब्यात दिलं, त्यात तो गेला. परत पत्ता नाही. बापाने उचलल्याचं याला आठवायला काही नाही, तो तेव्हा दोन महिन्यांचा होता. पोराला शेळीवर बसवलं, धरलं, उतरवलं ते आईने. घोडा त्याने बनवला, कारण घोड्याशिवाय बाप बसवायचा कुठे?

मी वाफ्यातलं गवत उपटत राहिले.

मग म्हणाला, नाही. लिहू नका. म्हणजे नाही. मी विचारलं नव्हतं, सांगायला गेले होते. तरी उत्तर मिळालं ते तुला कळवतेय. सोहळ्याला या म्हणाला मात्र. बहुतेक मला नजरेसमोर ठेवायचं असेल.

तू काय करशील ते तुझं तू ठरव. वेडंवाकडं केलंस तरी पत्र लिहीन, पण त्यात गोष्टी नसतील.

जीव लावावा, पण विचारून.

तुझी,
आजी

---

मॅडिसन,
४ ऑगस्ट २०२५

ती. आजीस, सा. न. वि. वि.

काढलं. सगळं. झोर्का, पळी, कलिंगडंसुद्धा. गाईडबाईंकडची कॉपीही डिलीट करायला सांगितली. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं सही नाही. त्या म्हणाल्या, बरोबर केलंस, पण २९ तारीख मी हलवू शकत नाही.

आज सकाळी अल्फारेटाला फोन केला. सप्टेंबरपासून येऊ शकते म्हटलं. लोक बरे वाटले. बाबांना मी स्वतः सांगीन, तू आधी बोलू नकोस. आता हे तुला जमेल अशी माझी खात्री आहे.

सोहळ्याला ती जांभळी साडी नेस. घोड्याच्या मागे उभी राहू नकोस.

तुझ्यावर राग नाही, हे वेगळं लिहायला हवं का?

तुझी,
हिमानी

---

॥ श्री ॥

मॉरिसव्हिल,
१० ऑगस्ट २०२५

चि. हिमानीस आशीर्वाद, हातचं काही न राखता. वि. वि.

हे पत्र पूर्ण वाचून मगच नाच.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. ते घेऊन मी बागेत गेले आणि टिमला माझ्या इंग्रजीत सांगितलं. नातीने शेळी काढली, शिक्षण सोडलं, नोकरीला चालली. त्याने विचारलं, मुदतीला किती दिवस राहिले होते? मी म्हटलं, एकवीस. तो वेलाला काडी लावत राहिला. मीही उठले. मी विनवायला गेले नव्हते, बातमी द्यायला गेले होते.

काल सोहळा झाला. गावाबाहेर एक घोड्यांची शेती आहे, तिथे. चाळीसेक माणसं, म्हाताऱ्यांच्या डोक्यावर लोकरीच्या टोप्या, ऑगस्टच्या उन्हात. घोडा भाड्याचा, पोरांच्या वाढदिवसांना जाणारा. जाडा, तपकिरी, नाव कुकी. मी जांभळीच नेसले होते. दोघांनी मला विचारलं, तुम्ही मुलाच्या कोण? मी म्हटलं, कलिंगडाच्या बाजूच्या.

टिम उभा राहिला. गोष्ट सुरू केली ती नेहमीसारखीच, नदी, मैदान, आजा, पणजा, तलवारी. घोड्यापर्यंत आला आणि थांबला. मला वाटलं, याला चक्कर येतेय. त्याने टोपी काढली. मग म्हणाला, काळा घोडा नव्हता. शेळी होती, उशी होती, पळी होती. आणि बाप नव्हता, आईने धरलं होतं. मी माझ्या चपलांकडे बघत होते. त्याची नात तोंडावर हात ठेवून उभी होती.

तेवढ्यात न्यू जर्सीचा एक लठ्ठ म्हातारा, ज्याच्या छातीत मशीन आहे आणि जो सकाळपासून आपल्या बापाच्या पांढऱ्या घोड्याचं सांगत होता, तोही उठला. टोपी काढून म्हणाला, माझीही शेळीच होती. मग तिसरा म्हणाला, मी हातगाडीवर बसलो होतो. चौथा उठायला लागला तशी ग्लाशा नावाची सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी काठी आपटत ओरडली की तू बस, तूही शेळीवरच होतास, मला विचार. ती त्या कॅम्पात आठ वर्षांची होती. टिमच्या आईने झोर्काला दोरी बांधून ती दोरी हिच्या हातात दिली होती, आणि ज्या ज्या घरी पोराला दात येई तिथे ही शेळी घेऊन जायची. त्या वसंतात अकरा पोरं बसवली. बाप एकाचाही नव्हता. ग्लाशाला कोणी विचारलं नाही, म्हणून तिनेही सांगितलं नाही. त्या कॅम्पात घोड्याचा नालदेखील नव्हता गं, आणि गेली ऐंशी वर्षं अकरा घरांत अकरा घोडे खिंकाळतायत. एकाने दुसऱ्याला कधी सांगितलं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्यांचे घोडे खरे आहेत.

टिमला हे काही माहीत नव्हतं. तो खुर्चीत बसला. मला वाटलं रडतोय आता. पण तो हसायला लागला, मग तो लठ्ठ, मग सगळे. कवळ्या सांभाळायची वेळ आली.

पणतूला शेवटी कुकीवर बसवलं. बाप होता, आई होती, दोघांनी दोन बाजूंनी धरलं. पोर रडलं नाही आणि आयाळही धरली नाही. जांभई दिली. त्याचा अर्थ काय ते ग्लाशालाही सांगता आलं नाही.

आता कामाचं. निघताना टिम माझ्याजवळ आला आणि म्हणाला, नातीला लिहायला सांगा. आधी आईचं नाव, येवदोकिया. मग शेळीचं. माझं तिसरं. मी म्हटलं, सही लागते. तो म्हणाला, आणा कागद. मग सगळेच सही करायला तयार झाले, आणि आता पंचाईत अशी की ज्याला हातगाडी होती तोही स्वतःचं प्रकरण मागतोय. सोबत एका कागदावर सहा जणांचे फोन नंबर दिलेत. आकडे माझ्या हातचे आहेत, सात आणि एक नीट बघून घे. ग्लाशा दुपारी झोपते, तिला सकाळी गाठ. अल्फारेटाच्या लोकांना नाही म्हणून कळव, आणि तुझ्या बापाला मी अजून काही बोललेले नाही. लिहून ठेव, दोन दिवस झाले.

एकोणतीस तारखेला एकोणीस दिवस आहेत. लोभ मागाहून केलास तरी चालेल, आधी फोन कर. साक्षीदार सगळे ऐंशीच्या घरातले आहेत.

तुझी,
आजी